पाळण्याच्या कडीचे भोक

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी होडी आहे. शिडाची होडी. आता शीड नाही, डोलकाठीही नाही; पण कोणी विचारले तर मी अजून तसेच सांगते. बोलायची मला सवय नाही. मागचे पुढे झाले, तर सांभाळून घ्या.

नाशिकच्या पश्चिमेला डोंगरांच्या पायथ्याशी एक धरण आहे. ते बांधणाऱ्या साहेबांना शिडाच्या होडीचा नाद होता. धरण भरले तेव्हा त्यांनी सहादू सुताराला बोलावून माझे चित्र दाखवले. सहादूने कधी होडी केली नव्हती. बैलगाड्या, नांगर, पाळणे हे त्याचे काम. तरी त्याने सागाच्या फळ्या वाकवल्या, फटींत सुताच्या वाती ठोकल्या, वर राळ आणि तेल चोपडले. शेवटी तळाला एक फळी कमी पडली. तेव्हा त्याने स्वतःच्या घराची तुळई कापली.

ते घर करवंदवाडीत होते. करवंदवाडी आता पाण्याखाली आहे. गाव उठले तेव्हा लोकांनी दारे, चौकटी, तुळया गाड्यांत घालून वर आणल्या होत्या. सहादूच्या तुळईला एक भोक होते. त्यात पूर्वी पाळण्याची कडी असे. त्या भोकात त्याने बाभळीची खुंटी ठोकली आणि ती फळी माझ्या तळाच्या मध्यावर बसवली. तेव्हापासून ती माझ्यात आहे, पण खरे सांगायचे तर ती कधीच पुरती माझी झाली नाही.

सुरुवातीची वर्षे सुखाची गेली. पुढे नौकानयनाचा क्लब निघाला, शर्यती झाल्या. काठावरची माणसे माझ्याकडे बोट दाखवून "ती बघा कशी पळते" असे म्हणत, आणि मला लाज वाटे. पण बुडालेल्या गावावरून जाताना वारा पडायचा आणि ती फळी वाजू लागायची. कुर्र... कुर्र... हलत्या पाळण्यासारखी. होडीतली माणसे घाईघाईने वल्ही मारू लागत. हळूहळू मला कोणी पाण्यात नेईना. मग फायबरच्या होड्या आल्या आणि मला शेडमागे पालथे घातले. उन्हाने माझे लाकूड आकसले. फटींतून गवत उगवले. पालथ्या होडीच्या आत दिवसाही अंधार असतो, मित्रांनो. त्या अंधारात वारा शिरला की फळी वाजायची आणि मी घाबरायचे. स्वतःच्या अंगातल्या आवाजाला कोणी घाबरते का? मी घाबरत असे.

यंदा दिवाळीनंतर सहादूची बायको ठमाबाई आली. सहादू जाऊन बरीच वर्षे झाली. तिच्याबरोबर नातू होता, ललित. तो सातपूरला कारखान्यात कामाला आहे.

"ही का? आजी, ही होडी आहे की चाळण?"

"ही माझ्या घराची तुळई हाय," ठमाबाई म्हणाली.

क्लबचा राखणदार कोंडाजी लांबूनच ओरडला, "आजीबाई, हात नका लावू. त्या होडीत पोर रडतं!"

"ठाऊक हाय मला, कुणाचं ते."

मग तिने सांगितले. तिची पहिली मुलगी दात यायच्या आधीच गेली. तान्ह्या मुलांना जाळत नाहीत, पुरतात. सहादूने तिला ओहोळाकाठी जांभळाखाली पुरले. पुढच्या पावसाळ्यात तिथे पाणी चढले. मी तयार झाले तेव्हा सहादू बायकोला म्हणाला होता, "चल, वरून जाऊन येऊ." ती गेली नाही. पोरीच्या पाळण्याची तुळई त्याने साहेबाच्या खेळण्यासाठी कापली, हे तिला कधी विसरता आले नाही. आता तिचा एक डोळा गेला होता आणि दुसरा मावळत होता.

"दिसतंय तवर एकदा जाऊ दे मला तिच्याकडं."

कोंडाजी वरमला. "मग मोटारबोटीतून नेतो की."

"नाय. ज्या तुळईखाली तिला झोपवली, तिच्यावरच बसून जाईन."

ललितने मला घासले. प्रत्येक फटीत दुकानातली लांबी, ती घट्ट होणारी पुट्टी, भरली. "आता थेंब येणार नाही," म्हणाला. त्याची चूक एवढीच की लाकूड तहानलेले असताना त्याने ते बंद केले. पाण्यात जाताच मी प्यायले, फुगले, आणि लांबीचे तुकडे लाह्यांसारखे उडाले. गुडघाभर पाण्यातच मी तळाला बसले.

"वरण गाळायला न्या आता!" कोंडाजी हसला. ललित चिडून मला तशीच टाकून निघून गेला. ठमाबाई मात्र बराच वेळ काठावर बसून होती. तिला वाटले असेल, आता राहिलेच.

पण बुडून राहिल्यानेच माझ्या फळ्या फुगून एकमेकींना भिडल्या. पुढच्या रविवारी ललित आजीला घेऊन परत आला; दोघांनी पाणी उपसले, तर सगळीकडे कोरडे. फक्त त्या खुंटीपाशी थेंब जमत होता. नवी खुंटी बसवावी म्हणून मला काठावर ओढून ललितने जुनी उपटली. तिच्याभोवती राळेने काळी पडलेली चिंधी गुंडाळलेली होती. ठमाबाईने ती बोटांनी चाचपली.

"ही माझी शिवण हाय," ती म्हणाली. "तिची कुंची. आन् मला म्हणला, सगळं तिच्यासंगं पुरलं." मग फळीवर हात ठेवून ती जणू सहादूलाच म्हणाली, "एवढं तरी बोलायचं होतंस."

"टाकू?"

"हाय तशी ठोक."

कोंडाजीने तिच्या लुगड्यावर नारिंगी जॅकेट आवळले. "लग्नातबी मला एवढं घट्ट बांधलं नव्हतं रे," ती म्हणाली. तो मात्र माझ्यात बसला नाही. ललित वल्ही मारू लागला. जांभळापासून दिसायची ती दोन सुळक्यांमधली खिंड समोर आली तेव्हा ठमाबाईने हात वर केला. वारा पडला. फळी वाजू लागली.

"हितंच," ती म्हणाली, आणि वाकून तिने खुंटी उपटली.

"आजी! बुडू आपण!"

"दम धर जरा. येऊ दे तिला वर."

पाणी आत आले. खालचे, गार. इतकी वर्षे ज्याला मी बाहेर ठेवायला धडपडले, ते पाणी तिने ओंजळीत घेतले आणि डोळ्यांना लावले. कुंचीची चिंधी तिने काठावरून सोडली. ती जरा तरंगली, मग खाली गेली. पाणी ललितच्या घोट्यापर्यंत चढले होते. ठमाबाईने आपल्या लुगड्याचा काठ फाडला, खुंटीला गुंडाळला आणि दोघांनी मिळून ती ठोकली.

परतताना फळी वाजतच होती. ठमाबाई तिच्यावर थोपटत होती. झोप बाई, झोप.

आता मी काठाला उथळ पाण्यात असते. त्या खुंटीपाशी अजून एखादा थेंब येतो. ललित तो बंद करायला निघाला होता, ठमाबाईने करू दिला नाही.

मित्रांनो, तुमच्याकडेही एखादी जुनी वस्तू गळत असेल. ती जरूर दुरुस्त करा, उन्हात टाकून देऊ नका. फक्त बुजवण्याआधी, तिथे पूर्वी कोणी काय ठोकले होते ते एकदा हातात घेऊन बघा. आणि कधी धरणावर आलात, माझ्याजवळून जाताना तो आवाज कानी पडला, तर पळू नका. हळू चाला. कोणीतरी झोपले आहे.