सगळ्यांच्या शेवटी

आमच्या कारखान्याचे मॅनेजर दोन दिवसांच्या शिबिराला गेले आणि तिथून नेते होऊन परतले. शंभर वर्षांपूर्वीच्या एका मोठ्या पुढाऱ्याकडून काय शिकावं, असा शिबिराचा विषय होता. हा पुढारी म्हणे दुष्काळाच्या साली सगळी छावणी जेवल्याशिवाय घास घ्यायचा नाही. साहेबांनी नेमकं तेवढंच उचललं. त्याने कुणाचा पगार वाढवला असेल, तर ते साहेबांच्या वहीत उतरलं नव्हतं.

कँटीनमधला स्वयंपाक, वाढणं, आवराआवर, सगळं माझ्या एकटीच्या गळ्यात. पूर्वी दीडला शेवटचा माणूस उठायचा. दोनची बस धरली की तीनला मी इस्पितळात आईजवळ. भेटायची वेळ तीन ते चार, रविवारी बंद. आईला माणसं आठवेनाशी झाली होती. "रोज चेहरा दिसू द्या," डॉक्टरांनी बजावलं होतं, "नाहीतर तुम्हालाही विसरतील."

आता साहेब अडीचला यायचे. "झालं का सगळ्यांचं?" असं रिकाम्या बाकांना विचारायचे आणि मग निवांत जेवायचे. एकदा फोटोग्राफरही आणला होता.

"साहेब, तुमचं ताट झाकून ठेवू का? आईला भेटायची वेळ टळते," मी म्हटलं.

"अहो मावशी, झाकून ठेवलेलं ताट म्हणजे साहेबी थाट झाला. मला सगळ्यांसारखंच वाढून हवं. तुम्हा लोकांसाठीच करतोय ना हे!"

आमच्यासाठी! मी अजून जेवले नव्हते, हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्या पुढाऱ्याला वाढणारी बाई किती वाजता जेवायची, हे शिबिरात कुणी विचारलं नसणार. मनात आलं, डाव आपटावा आणि चालू पडावं. पण आईची औषधं याच नोकरीवर चालली होती. मी मुकाट्याने वाढलं.

सव्वाचारला इस्पितळात पोहोचायचे. वॉचमन दारातूनच परत पाठवायचा. हातापाया पडून झालं, भांडूनही झालं. असे तीन आठवडे गेले.

मग एके दिवशी साहेब बाहेरगावी गेले. मी धावतपळत दोनची बस गाठली. तीनच्या ठोक्याला आईच्या कॉटशेजारच्या स्टुलावर बसले, तिचा हात हातात घेतला. तिने तो सोडवून घेतला.

"बाई, उठा बघू तिथून," ती म्हणाली. "माझ्या मुलीची यायची वेळ झालीय."

मी उठले.