टॅबमधले मालक

आष्ट्याच्या मनुबाईला आधी वाटलं, पोराचं डोकं फिरलंय. म्हातारपणी कुणी गेम खेळतं व्हय? पण राजवर्धननं साताऱ्याहून टॅब आणला, भिंतीला टेकवून ठेवला आणि म्हणाला, "आये, डॉक्टरांनी सांगितलंय. रोज दुपारी खेळायचं. फोटो दिसला की नाव मोठ्यानं सांगायचं. इसरलेला फोटो परत परत येतो, पाठ झाला की मागं पडतो. डोकं चांगलं ऱ्हातं."

खेळ तसा सोपा होता. म्हैस दिसली, ती म्हैस म्हणाली. नात दिसली, श्रद्धा म्हणाली. मग मालक आले. मिल्ट्रीतली टोपी, पिळदार मिशा, तेच रोखून बघणं. मनुबाईनं डोईवरचा पदर सावरला आणि गप्प बसली.

नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं? लग्नातल्या उखाण्यातसुद्धा तिनं ते पुटपुटून उरकलं होतं. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य सरतं, असं सासूनं बजावलं होतं. मालक जाऊन वर्षं लोटली, तरी तिनं जीभ आवरूनच ठेवली. कारण ते पुरते गेलेत असं तिला कधी वाटलंच नाही. न्हाणीत खाकरल्याचा आवाज यायचा. पडवीतली रिकामी बाज करकरायची. तेवढ्याच आधारावर ती त्या घरात एकटी राहत होती.

"विसरलात," टॅबमधली बाई म्हणाली.

"इसरती तुजी आय," मनुबाई म्हणाली.

मग मालक वरचेवर यायला लागले. म्हशीनंतर मालक, श्रद्धानंतर मालक, शेवटी तर निव्वळ मालकच. दरवेळी त्यांची नजर जास्तच काहीतरी मागतेय असं वाटायचं. तिच्या अंगावर काटा यायचा, तरी दुपार कधी होतेय असं व्हायचं. ती चहाचे दोन कप मांडून बसायला लागली.

गुण मात्र रोज पोराच्या फोनवर जायचे. रविवारी तो गाडी घेऊनच आला. "आये, लय इसरायला लागलीस तू. आता हितं एकटीला ठेवत न्हाई. घराला कुलूप लावू, चल साताऱ्याला."

"माजं समदं ध्यानात हाय."

"मग गुण का पडत न्हाईत?"

खरं सांगितलं, तर हा फोटोच काढून टाकणार. न सांगावं, तर घराला कुलूप लागणार आणि आत खाकरणारं माणूस एकटंच कोंडलं जाणार.

"थांब जरा. तुज्याम्होरं खेळती," ती म्हणाली.

मालक आले. पडवीत बाज करकरली. मनुबाईनं पदर तोंडाशी धरला.

"आकाराम."

स्क्रीन हिरवी झाली. राजवर्धनचा जीव भांड्यात पडला. कुलपाची गोष्ट तिथंच मिटली आणि संध्याकाळी तो एकटाच साताऱ्याला परतला.

दुसऱ्या दिवशी तिनं दोन कप मांडले. बऱ्याच दिवसांनी म्हैस आली, श्रद्धा आली. मालक आले नाहीत. पाठ झाले होते ते. तिनं मुद्दाम म्हशीला शेळी म्हटलं, तर म्हैसच परत परत यायला लागली. न्हाणीत कुणी खाकरलं नाही. पडवीतली बाज गप्प होती. घर तिचंच राहिलं होतं, आणि त्यात कुणीच नव्हतं.

चहावर साय धरली. मग जन्मभर गिळलेलं ते नाव मनुबाई हाका मारून घ्यायला लागली, आधी हळू, मग पार शेजारी ऐकू जाईल एवढ्यानं.

स्क्रीनवर म्हैस होती.

"चूक," बाई म्हणाली. "पुन्हा प्रयत्न करा."