सासूबाईंच्या दुधातली चांदी

या, बसा असे सरकून. उंदीरवाल्याची गोष्ट सांगतो, चहा गार व्हायच्या आत संपवतो.

हा गडी एका प्रयोगशाळेत उंदरांच्या खोलीवर होता. पिंजरे साफ करायचे, दाणे टाकायचे, बाटल्या भरायच्या. डाव्या फळीवरच्या उंदरांना साधं पाणी, उजव्या फळीवरच्यांना चांदीचं. त्यातली चांदी इतकी बारीक, की नुसतं पिवळट पाणी दिसायचं. बरणीत उरलेलं टाकाऊ पाण्याच्या निळ्या कॅनमध्ये ओत, असा प्रयोग करणाऱ्या डॉक्टरीणबाईंचा हुकूम. पण चांदी ओतून द्यायला याचा हात धजेना. रोज थोडं घरी न्यायचा आणि सासूबाईंच्या दुधात घालायचा, ताकदीसाठी. अगदी मनापासून, हां. सासूवर जीव होता त्याचा.

महिन्याभरात सासूबाई गप्प झाल्या. खोटं कशाला बोलू, आधी त्याला बरंच वाटलं. मग दिसलं, की बाई घासाघासाला घोटभर पाणी पितायत.

"जावईबापू, जीभ टाळूला चिकटते हो," त्या म्हणाल्या. "तुम्हाला बोल लावायचा तरी आधी पेला शोधावा लागतो."

वजनही उतरत चाललं होतं. त्यांना तपासणारे डॉक्टर म्हणाले, वय झालं.

एक दिवस याच्या लक्षात आलं, उजव्या फळीवरचे उंदीरही तसंच करतायत. एक दाणा, एक घोट. त्यानं डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्यांनी सूक्ष्मदर्शकाखालची काच दाखवली.

"ही उजवीकडच्या उंदराची लाळेची ग्रंथी. इथल्या पेशी चांदीनं मेल्यात. लाळ येणार कुठून?"

याच्या तोंडचं पाणी पळालं. तेही चांदी न पिता.

गप्प बसला असता तर कुणाला पत्ता लागला नसता. नोकरी राहिली असती, सासू गेली असती. त्यानं तिथंच सगळं सांगून टाकलं. बाईंनी त्याला दोन गोष्टी दिल्या: डॉक्टरांसाठी चिठ्ठी आणि रजा. रजा कायमची.

घरी येऊन सासूबाईंना फळ्यांसकट सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, एक घोट घेतला.

"मग मला डाव्या फळीवर ठेवायला काय झालं होतं?"

दूध बंद झालं. लाळ हळूहळू येतेय, पुरती नाही आलेली अजून. कधी त्यांच्याकडे गेलात तर एवढं करा. बोलता बोलता त्या थांबल्या, तर उठू नका. त्यांचं बोलणं संपलेलं नसतं. पाण्याचा पेला पुढे करा आणि बसून राहा.