यानाच्या दाराजवळचा डाग

घाण दिसली की माझे हात शिवशिवायला लागतात, त्याला माझा इलाज नाही. नाताळ तोंडावर आला की आमच्या जिन्यातल्या सगळ्याच बायका कडाक्याच्या थंडीत खिडक्या पुसायला उभ्या राहतात, पण मी खिडक्यांवर थांबत नाही. दिव्यांची बटणं, घर तापवणाऱ्या रेडिएटरमागची जळमटं, कपाटाच्या वरची धूळ, काही म्हणजे काही सोडत नाही. झोरा म्हणायची, "आई, एक दिवस तू मलाही बादलीत बुचकळून पिळून वाळत घालशील."

झोरा माझी मुलगी. दोन वर्षांपूर्वी आजारपणात गेली. मागे राहिलो मी आणि तिचा नवरा हिनेक, इथे चेक देशात, प्रेरोवमधल्या याच चौथ्या मजल्यावर. हिनेक रेल्वेच्या सिग्नलचं काम करतो. माणूस सज्जन, पण तोंडाला कुलूप. मी सूप वाढायचं, त्याने मान हलवायची, की झालं आमचं बोलणं. आणि आता त्याला ओलोमोउत्स शहरात नोकरी चालून आली होती, राहायला खोलीसुद्धा देणार होते. हो की नाही ते सोमवारी कळवायचं होतं. जावई तरी सासूजवळ किती दिवस राहणार? पण तो गेला की या घरात झोराला ओळखणारं माझ्याशिवाय कुणी उरणार नव्हतं. "जाऊ नकोस" हे शब्द अगदी ओठावर यायचे, आणि मी विचारायचे, "बटाटे अजून वाढू?"

हिनेकला नाद एकच. प्लॅस्टिकचे तुकडे जोडून अंतराळयानं बनवायची आणि ती रंगवायची. दुसऱ्या मजल्यावरचा बेद्रिख, रेल्वेतून निवृत्त झालेला इंजिन ड्रायव्हर, असा नाद असलेल्यांचा म्होरक्या. तळघरात सायकली ठेवायच्या खोलीत त्यांचा क्लब भरतो. मोठी मोठी माणसं तिथे नाकाला ब्रश टेकवून तासन् तास बसतात. शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये त्यांची स्पर्धा होती. त्यासाठी हिनेकने हातभर लांबीचं, पोट सुटलेलं मालवाहू यान बनवलं होतं. रविवारी मी ते पाहिलं तेव्हा छान फिकट निळं होतं, बघत राहावं असं.

गुरुवारी सकाळी तो कामाला गेल्यावर मी त्याच्या खोलीत फडकं घेऊन शिरले, तर टेबलावर तेच यान, आणि त्याची ही दशा! मागे काजळी, पायांवर गंज, अंगभर तेलकट ओघळ. त्या तळघरातल्या मेल्यांनी शेजारी बसून सॉसेज भाजले असणार, दुसरं काय! बिचाऱ्याची सगळी मेहनत मातीत. मला वाटलं, बोलता तर येत नाही आपल्याला, निदान एवढं तरी करावं त्याच्यासाठी. कोमट पाणी घेतलं, भांड्यांचा साबण घेतला, मऊ टूथब्रश घेतला. पाणी काळं व्हायला लागलं तसा मला इतका आनंद झाला म्हणून सांगू.

संध्याकाळी तो आला. मी यान स्वच्छ पंच्यावर मांडून ठेवलं होतं.

त्याने यानाच्या दाराजवळून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "छान निघालंय, आई. अगदी नवीन." यान उचललं, खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. जेवायलाही बाहेर आला नाही. काहीतरी चुकलं एवढं मला कळलं, पण काय ते कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेद्रिखने बेल दाबली ती दाबूनच धरली.

"हिनेक स्पर्धेतून नाव काढून घेतोय," बूट काढून आमच्या घरातल्या चपला पायात सरकवता सरकवता तो ओरडला. "व्लास्ताबाई, काय केलंत तुम्ही?"

"काय केलं? धुतलं! तुम्ही लोकांनी लडबडवलेलं यान धुऊन दिलं मी."

"अहो, ती घाण नव्हती! रंग होता तो! वरून वार्निशचा हात बाकी होता, तो आज मारायचा होता!"

"मग घाणीसारखा का दिसत होता?"

"घाणीसारखा दिसावा म्हणूनच लावला होता! सगळं आभाळ पालथं घालून आलेलं यान दुकानातल्या फ्रिजसारखं चकाचक असेल का?"

"तुमची बायको असती तर तिनेही धुतलंच असतं."

"धुतलं होतं एकदा. तेव्हापासूनच मी तळघरात बसतो."

मला हसू फुटलं. तो मात्र हसला नाही. खुर्चीवर टेकला आणि टेबलावरची बिस्किटंही न घेता बोलायला लागला. बेद्रिख माझ्या हातची बिस्किटं सोडतोय म्हटल्यावर माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

"आमच्याकडे एक पद्धत आहे," तो म्हणाला. "यान पुरं होत आलं की सगळे भोवती बसतात आणि एकेका डागावर बोट ठेवून विचारतात, हा डाग कुणाचा? उत्तर आलं तर डाग राहतो. नाहीतर तिथल्या तिथे पुसायचा. उगाच दिसायला बरी म्हणून लावलेली घाण आम्ही चालवून घेत नाही. बुधवारी हिनेकची पाळी होती. काजळी कुणाची? गळक्या इंजिनाची. गंज कुणाचा? यान पाणथळ जागी उतरतं म्हणून. खाडखाड उत्तरं देत होता. मग मी दाराजवळ बोट ठेवलं. तिथे तांदळाच्या दाण्याएवढा मळकट डाग होता. हा कुणाचा? तर म्हणाला, माझ्या बायकोचा."

मी हातातलं फडकं खाली ठेवलं.

"म्हणाला, ती बसून बूट घालायची नाही कधी. दाराजवळ उभी राहून, भिंतीला हात टेकून घालायची. रोज त्याच जागी. या यानावर असती तरी तशीच घातली असती. व्लास्ताबाई, अंत्यविधीनंतर त्या माणसाने तिच्याबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं. आम्ही दाढ्यामिश्यावाले सगळे खाली मान घालून बसलो."

बेद्रिख उठला, दाराशी गेला, बूट घालायला भिंतीला हात टेकला आणि चटकन मागे घेतला.

"भिंत रंगवलीत वाटतं?"

"ऑक्टोबरात," मी म्हटलं. "तिथे काळपट डाग पडला होता..."

बेद्रिख माझ्याकडे बघत होता, मी भिंतीकडे. खरा डाग मी ऑक्टोबरात रंगाखाली घातला होता. हिनेकने तो स्वतःसाठी पुन्हा केला, एवढासा, तर तोही मी साबणाने घासून काढला. बेद्रिख हळूच म्हणाला, "येतो मी," आणि जिना उतरून गेला.

संध्याकाळी हिनेक आल्या आल्या खोलीत गेला. मी हातात काही न घेता दार वाजवलं आणि आत शिरले. तो यान पुढ्यात घेऊन बसला होता. बाजूला तैलरंगाची ट्यूब, स्पंजचा तुकडा. दाराजवळची जागा मात्र कोरीच होती.

"बेद्रिख आला होता," मी म्हटलं. "सगळं सांगितलं त्याने."

त्याने ट्यूबचं टोपण घट्ट लावलं.

"लाव ना मग. तो दाराजवळचा लाव आधी."

"कुठे लावू तेच आठवेना झालंय," तो म्हणाला. "बुधवारी नीट आठवत होतं. डावा हात टेकायची ना?"

"उजवा. बूट डाव्याने ओढायची. डावखुरी होती ती."

"छे! डावाच टेकायची."

"तिला बूट घालायला मी शिकवलं आणि तू मला सांगतोस?"

"आठ वर्षं रोज सकाळी तिच्यासाठी खोळंबून त्या दारात उभा राहिलोय मी, आई!"

"तेव्हा तू घड्याळाकडे बघत होतास, तिच्याकडे नाही!"

हे लागेल असं मी बोलून गेले. त्याने स्पंज खाली ठेवला. मला रडू आवरेना.

"हिनेक, मी घाण म्हणून नाही रे पुसली ती भिंत," मी म्हटलं. "येता जाता तिचा हात दिसायचा. मला ते सोसवेना. आणि ओलोमोउत्सला जाऊ नकोस. तू मला इथे हवा आहेस."

त्याने यान बाजूला सरकवलं. मग म्हणाला, "नोकरीसाठी नव्हतो जात. भिंत रंगवलीत त्याच दिवशी इथून निघायचं ठरवलं होतं. म्हटलं, या बाईला झोराचं काहीच नकोय घरात, मग मी तरी कशाला हवा असेन."

"गाढवा! मग तेव्हाच ओरडला का नाहीस माझ्यावर?"

"तुमच्यावर कोण ओरडणार?"

"तू! आता ओरड!"

आणि तो ओरडला. बाई गं, काय ओरडला! ऑक्टोबरपासून खपत होतो म्हणाला, बोटांची कातडी निघाली रंग घासून, एक दिवस, फक्त एक दिवस दम धरता आला नाही तुम्हाला! भिंतीवरून ओरडला. झोराचे कपडे मी न विचारता चर्चमध्ये देऊन टाकले त्यावरून ओरडला. कुणी तिचं नाव काढलं की तुम्ही उठून भांडी घासायला जाता म्हणून ओरडला. मीही गप्प बसले नाही. अंत्यविधीला तू एक टिपूस गाळलं नाहीस म्हटलं, परक्यासारखा उभा होतास. शेजारच्यांनी आवाज कमी करा म्हणून रेडिएटर ठोकला तरी आम्ही थांबलो नाही. दोन वर्षांत झोराचं नाव या घरात इतक्यांदा कुणी घेतलं नव्हतं.

शेवटी त्याचा आवाज बसला. डोळे लाल झाले होते, नाक वाहत होतं.

"मी नाही जात कुठे," तो म्हणाला, अजून रागातच.

"बरं," मी म्हटलं, आणि खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसले.