साहेबाची हिरवी मोटर

गोठ्याचं दार ढकललं तेव्हा विश्रामला आधी वास आला. शेणाचा, कुजलेल्या पेंढ्याचा आणि त्याच्या खाली कुठेतरी जुन्या ऑइलचा. मग डोळे अंधाराला सरावले आणि मोटर दिसली. बॉनेटवर तीन कोंबड्या बसलेल्या होत्या.

ठाण्याला टेंभी नाक्याच्या मागच्या गल्लीत विश्रामचं गॅरेज होतं. पंचवीस वर्षं तो गाड्या उघडत आणि जोडत आला होता, त्यामुळे घाण त्याला नवी नव्हती. पण ही घाण बघून तो दारातच थांबला.

ही मोटर त्याच्या ओळखीची होती. लढाईच्या आधी बोटीने विलायतेहून आलेली, दोन माणसांपुरती, हिरवी, उघड्या टपाची, बुटकी, लांब नाकाची, शर्यतीत पळवायला बांधलेली. एका गिरणीचा गोरा मॅनेजर ती चालवायचा आणि दर महिन्याला विश्रामकडे आणून सोडायचा. सत्तेचाळीस साली साहेब मायदेशी गेला आणि जाताना मोटर कोपर गावच्या काळुरामला विकून गेला. काळुरामची मिठागरं होती, खाडीकाठी भातशेती होती. तीन-चार वर्षं त्याने मोटर वरातींतून मिरवली, नवरदेवांना बसवून फोटो काढले. मग ती गोठ्यात गेली ती गेलीच.

आता सन पंचावन्न चाललं होतं. काळुरामचा जावई उत्तम मुंबईत सिनेमा कंपन्यांना घोडे, टांगे, जुन्या मोटारी पुरवायचा. त्यानेच विश्रामला बोलावून घेतलं होतं.

"चार दिवसांत चालू झाली पाहिजे," उत्तम दारातूनच म्हणाला. त्याने नाकाला रुमाल लावला होता. "कंपनीने घेतली आहे. मुंब्र्याच्या दगडखाणीपर्यंत आपल्या चाकांवर गेली म्हणजे झालं."

"खाणीत काय करणार?"

"कड्यावरून ढकलणार. सिनेमात खलनायक मरतो ना शेवटी, तेव्हा."

 विश्रामने कोंबड्या हाकलल्या आणि कंदील आत धरला. सीटांवर चामडं राहिलं नव्हतं. कुणीतरी ते सुरीने चौकोन चौकोन कापून नेलं होतं, आत उघड्या स्प्रिंगांत उंदरांनी घर केलं होतं. एका हेडलाइटची पितळी वाटी खाली जमिनीवर होती, तिच्यात कोंबड्यांचं पाणी. बॉनेट बांधायचा रुंद पट्टा म्हशीच्या गळ्यात होता.

काळुराम मागून आला. धोतर, उघडं अंग, पायांत जाड चपला. विश्रामची नजर चपलांवर गेली आणि तिथेच थांबली. चामडं गर्द तांबडं होतं, साहेबाच्या सीटांचं होतं तसंच.

"लय मजबूत चामरा," काळुराम सहज म्हणाला. "चार वर्सं जाली, अजून टाचा नाय झिजल्या."

विश्रामला त्या पायांकडे बघवेना. माणसाला एखादी वस्तू नको असते, तेव्हा तो ती टाकून देतो, विकतो, ते त्याला समजत होतं. पण रोज थोडं थोडं कापून खायचं, आणि तेही असं शांतपणे, याची त्याला किळस आली. त्या दिवशी त्याने काळुरामच्या घरचा चहा घेतला नाही. पोट बरं नाही म्हणाला.

पण इंजिन उघडल्यावर त्याची खरी पंचाईत झाली.

एक्कावन्न साली मोटर थोडी धूर टाकते म्हणून काळुरामने ती गॅरेजला आणून दिली होती. त्याच आठवड्यात नाक्यावरच्या डॉक्टरांची गाडी इंजिनाला पेट्रोल-हवा पुरवणारा कार्बुरेटर फुटल्याने अडून पडलेली, आणि भाग मुंबईतही मिळत नव्हता. विश्रामने साहेबाच्या मोटारीचे दोन्ही कार्बुरेटर काढले, त्यातला एक डॉक्टरांच्या गाडीला बसवला, दुसरा सुट्या भागांसाठी फळीवर ठेवला. या मोटारीला त्याने लष्कराच्या मोडीतल्या लॉरीचा एक ठोकळा कार्बुरेटर कसाबसा जोडला. काळुरामला काय कळणार होतं. पण त्यानंतर मोटर कधी नीट ओढेना, चढावर दम टाकायची, रस्त्यात बंद पडायची. चार-सहा वेळा बैल लावून ओढून आणली, तेव्हा काळुरामने ती गोठ्यात ढकलली.

तो ठोकळा अजून तिथेच होता. विश्रामने स्वतः वाकवलेल्या पत्र्याच्या पट्टीने आवळलेला. त्यावर गंज चढला होता, पण हात त्याचाच होता, हे त्याला गाठ बघूनच कळलं. काळुरामने नुसतं चामडं कापलं होतं. छाती विश्रामने कापली होती.

दुपारी काळुराम म्हशीला पाणी दाखवायला आला, तेव्हा विश्रामने त्याला सगळं सांगून टाकलं. खाली मान घालून, पाना हातात फिरवत.

काळुरामने ऐकून घेतलं. "डाक्टरची मोटर चालली ना पन?"

"चालली."

"मग जाला तं." आणि तो म्हशीच्या मागे निघून गेला.

विश्रामला वाटलं होतं, हा शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

संध्याकाळी ठाण्याला परत येऊन तो सरळ डॉक्टरांकडे गेला. नवा कार्बुरेटर आता बाजारात मिळत होता. तो त्याने डॉक्टरांच्या गाडीला स्वतःच्या खर्चाने बसवला आणि जुना मागून घेतला. फळीवरचा दुसरा धुऊन पुसून पिशवीत घातला. बायको कलावती म्हणाली, "खड्ड्यात टाकायच्या मोटारीला एवढं कशाला सजवतोस?"  नीट लावल्याशिवाय आपल्याला जेवण जाणार नाही, एवढंच त्याला माहीत होतं.

चौथ्या दिवशी सकाळी त्याने हँडल मारलं. दोनदा नुसती खोकली. तिसऱ्यांदा इंजिनाने आवाज धरला आणि गोठ्यातल्या म्हशी दावी तोडायला लागल्या. सीटच्या जागी त्याने गोणपाट घातलं आणि मोटर बाहेर काढली. शीळच्या रस्त्याला लागल्यावर त्याने पाय थोडा दाबला. चार वर्षं शेणात उभी असलेली ती मोटर अशी सुटली, की त्याच्या डोळ्यांतून वाऱ्याने पाणी आलं. वळणावर ती लॉऱ्यांसारखी डोलली नाही, हलली नाही. रस्त्याला चिकटून गेली. साहेब असताना विश्रामने ती गल्लीतून नाक्यापर्यंतच चालवलेली. ही काय चीज आहे, हे त्याला त्या सकाळी पहिल्यांदा कळलं.

खाणीवर मांडव घातला होता, वडे तळले जात होते. कंपनीचा मॅनेजर पोट सुटलेला, पानाने ओठ रंगलेला. त्याने मोटारीभोवती एक चक्कर मारली, मडगार्डवर पिंक उडाली ती बुटाने पुसली आणि कड्याकडे बोट दाखवलं.

"तिथून. आग आम्ही लावू."

विश्राम कड्यापाशी जाऊन आला. खाली साठ-सत्तर हात खोल, टोकदार दगड.

"साहेब, दुसरी एखादी मोटर नाही चालणार?"

"चालेल की. हीच पाहिजे असं कुठाय? हिरवी पाहिजे आणि उघडी पाहिजे. धुळीत आणखी काय दिसतं?"

हिरवी आणि उघडी. विश्रामला ते शब्द पिंकेसारखेच अंगावर पडल्यागत वाटले. पण त्याने तेच धरले.

"परवा सकाळी हिरवी आणि उघडी आणून देतो. ही मला द्या. मजुरी नको."

मॅनेजरने त्याच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं, वडा खात खात मोटर त्याला दिल्याची चिठ्ठी लिहिली आणि सही केली.

ठाण्याच्या भंगारवाल्याकडे इंजिन नसलेली एक पेटीसारखी जुनी मोटर पडून होती. विश्रामने तिचं छप्पर कापलं, पत्रा ठोकून नाक लांब केलं, घराच्या दारांना लावायचा हिरवा रंग फासला. रंग ओला असतानाच ती बैलगाडीच्या मागे बांधून खाणीवर नेली. चार माणसांनी ढकलली. दगडांवर आपटत गेली, पेटली, आणि मांडवातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. उत्तमसुद्धा वाजवत होता. सासऱ्याच्या गोठ्यात चार वर्षं बघितलेली मोटर ही नव्हे, हे त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. खरी गेली असती तरी टाळ्या एवढ्याच पडल्या असत्या, हे विश्रामला कळलं आणि तो तिथे थांबला नाही.

मोटर पूर्ववत व्हायला तीन वर्षं लागली. रात्रंदिवस नव्हे, गिऱ्हाइकाचं काम संपलं की तासभर. चामडं कल्याणहून आणलं, सांगाड्याचं लाकूड जुन्या सुताराकडून घडवून घेतलं.

अठ्ठावन्नच्या दिवाळीनंतर उत्तम गल्लीत आला तो मुंबईच्या एका शेटना घेऊन; खरी मोटर शाबूत असल्याचं एव्हाना त्याच्या कानावर गेलं होतं. शेट जुन्या शर्यतीच्या मोटारी जमवत होते. अशा मोटारी आता देशात हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या उरल्यात, आणखी वीस वर्षांनी त्यांना सोन्याचा भाव येईल, असं त्यांनी सांगितलं. तेवढ्यात उत्तम म्हणाला, "मोटर आमच्या घरची आहे. आम्ही फसलो."

विश्रामने कंपनीची चिठ्ठी पुढे केली. उत्तमने ती वाचून परत दिली, तरी तो तोंडातल्या तोंडात बोलतच राहिला.

"तुम्ही चालवणार ती?" विश्रामने शेटना विचारलं.

"छे, छे. चालवली तर झिजेल. हॉलमध्ये काचेच्या मागे ठेवायची. इंजिनातलं ऑइलसुद्धा काढून घेतो आम्ही."

बोलता बोलता शेटनी नखाने दाराचा रंग खरवडला, खाली मूळचा आहे का ते बघायला. विश्रामने त्यांचा हात धरून बाजूला केला. जोरात नाही. पण शेटना असा कुणी हात लावला नसावा. 

"विकायची नाही," विश्राम म्हणाला. "तुम्ही निघा."

"अरे, वेडा झालास काय?" उत्तम म्हणाला. "आयुष्याचं कल्याण होईल."

विश्रामने त्याच्या तेलकट चेहऱ्याकडे पाठ फिरवली. त्याने फडकं घेतलं आणि नखाची जागा पुसायला लागला. ते दोघं जाईपर्यंत त्याने मान वर केली नाही.

उत्तमने गावभर सांगितलं, विश्राम मिस्त्री भ्रमिष्ट झाला. दोन-चार गिऱ्हाइकं तुटली. कलावती आठवडाभर धड बोलली नाही. रविवारी सकाळी विश्रामने मोटर बाहेर काढली, तेव्हा मात्र ती पदर डोक्याला घट्ट बांधून शेजारी येऊन बसली.

"कुठे जायचं?" त्याने विचारलं.

"कल्याणला. भावाकडे," ती म्हणाली. "आणि हळू चालव. पेट्रोलचा वास सहन होत नाही मला."

कळव्याचा पूल ओलांडेपर्यंत त्याने हळू चालवली.