ग्वेरिनोची दोन मिनिटं

तोर्तेल्ली भरायला ओर्नेल्लाने पिठाच्या पातळ पारीवर लाल भोपळ्याच्या सारणाचा गोळा ठेवला, मनगटाने कपाळावरचे केस मागे सारले आणि म्हणाली, "मी बोलेन."

नोएमी दारातच थांबली. अंगात उत्सवाच्या स्वयंसेवकांचा निळा टी-शर्ट, हातात याद्या.

"काकू, आग्रह नाही. प्राध्यापक मोकळे आहेत, ते दोन शब्द बोलतील. तुम्ही नुसतं अंगण द्या."

"तुझ्या प्राध्यापकांना दोन शब्दांना चाळीस मिनिटं लागतात. गेल्या वर्षी लोक घड्याळं हलवून बघत होते."

गावातल्या या साहित्योत्सवाचं हे सत्ताविसावं वर्ष. दर सप्टेंबरात लोक आपापली अंगणं उघडून देत, आणि रिवाज असा की ज्याचं अंगण त्यानेच लेखकाची ओळख करून द्यायची. पुस्तक वाचून, दोन मिनिटांत. विद्वानांना उरलेलं वर्ष मोकळं होतंच. ओर्नेल्लाच्या अंगणात ती दोन मिनिटं ग्वेरिनोची असत. उभा जन्म रेल्वेच्या सिग्नलवर काढलेला तिचा नवरा लेखकालाही गाडीसारखाच वेळेवर सोडायचा. मार्चमध्ये तो गेला. आणि ज्या घरात बोलणारं कोणी उरत नाही, त्याचं अंगण यादीतून गळतं, हे नोएमीने न सांगताही ओर्नेल्लाला ठाऊक होतं.

"पुस्तक वाचलंत ना?"

"तर."

नोएमी गेली. ओर्नेल्लाने टेबलावरच्या पुस्तकाकडे असं पाहिलं, जणू तेच चुगली करणार होतं. इतक्या वर्षांत तिने एकही पुस्तक स्वतः वाचलं नव्हतं. ग्वेरिनो मोठ्याने वाचायचा, ती लाटायची. एकटी वाचायला बसली की तिसऱ्या पानावर तिचा डोळा लागे. या आठवड्यात पाचदा लागला होता, त्याच पानावर.

अकराच्या सुमारास सिसिलीहून आलेला लेखक, कोर्रादो लिचित्रा, दारात उभा राहिला. भर उन्हात कोट, कोटाच्या खिशात चष्मा.

"ओर्नेल्लाबाई? म्हटलं, अंगण बघून घ्यावं."

"अंगण कुठे पळत नाही. वाचता येतं ना तुम्हाला?"

"त्यावरच पोट आहे."

"मग बसा आणि वाचा. माझे हात पिठात आहेत आणि पाचला मला तुमच्याबद्दल बोलायचंय."

कोर्रादोने पुस्तकाकडे पाहिलं. तिसऱ्या पानात खुणेला बिलाचा कागद होता. मग त्याने खिडकीजवळच्या खुर्चीकडे पाहिलं. तिच्यावरची उशी मधोमध दबलेली होती. काही न विचारता त्याने कोट काढला, दुसरी खुर्ची ओढली आणि वाचायला लागला.

पुस्तक पातळ होतं. बायको गेलेल्या एका म्हाताऱ्या घड्याळजीची गोष्ट. चाळिसाव्या पानावर तो थांबला.

"भोपळ्यात बिस्किटांचा चुरा? आमच्याकडे हे गोडात मोडतं, जेवणात नाही."

"तुमच्याकडे वाचता वाचता मध्ये बोलतात का?"

तो हसला आणि पुढे वाचू लागला. घड्याळजी दफनविधीवरून घरी आला. कपाट उघडून त्याने एक ताटली काढली, आणि त्या एका ताटलीकडे बघून त्याला कळलं, आता आपण एकटे.

"हे खोटं," ओर्नेल्ला म्हणाली.

"त्या पानाची सगळ्यांनी तारीफ केलीय, बाई."

"त्या सगळ्यांच्या बायका घरी असतील. एक ताटली निघतच नाही. दोन निघतात. मग एक परत ठेवावी लागते." तिने पारीची कड बोटाने दाबून बंद केली. "पुढे वाचा. अजून निम्म्या पाऱ्या भरायच्यात."

तो पुढे वाचू लागला.

पाच वाजता अंगण भरलं. भिंतीलगतही लोक उभे होते, आणि पहिल्या रांगेत प्राध्यापक, घडीचा कागद तयार ठेवून. ओर्नेल्ला एप्रन काढायचा विसरली होती.

"हे पुस्तक मी वाचलेलं नाही," ती म्हणाली. नोएमीने डोळे मिटले. "यांनी वाचलं, मी दोनशे तोर्तेल्ली भरल्या. एकही फुटली नाही. पुस्तक कंटाळवाणं असलं की माझी कड नीट बसत नाही, हे ग्वेरिनोला माहीत होतं. एका ठिकाणी हे चुकलेत, ते मी यांना सांगितलंय. बाकी सगळं खरं आहे. ऐका."

एक मिनिटसुद्धा झालं नव्हतं. लोक हसले, टाळ्या पडल्या, प्राध्यापकांनी कागद खिशात घातला.

कोर्रादो वाचायला उभा राहिला. त्याने नेमकं तेच पान काढलं. समासात पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं होतं.

"त्याने कपाट उघडलं," तो वाचू लागला, "आणि दोन ताटल्या काढल्या."

ओर्नेल्ला वळून स्वयंपाकघरात गेली. पाणी उकळत होतं.

अंगण रिकामं झाल्यावर नोएमी खिडकीतून डोकावली. "काकू, पुढच्या वर्षी नाव तुमचंच लिहू?"

"आणि कोणाचं लिहिणार? त्या प्राध्यापकांचं?"

नोएमीने लिहून घेतलं. ओर्नेल्लाने कपाट उघडलं, ताटल्या काढल्या. दोन. सवयीने वरची परत ठेवायला तिने हात उचलला.

"निघालीच आहे तर राहू द्या," कोर्रादो दारातून म्हणाला. कोट हातावर, नजर पातेल्याकडे. "गोड असलं तरी चालेल."