तात्यारावांच्या हयातीत

विश्वासने श्वास रोखला आणि ओठावरून रेझर फिरवला. अर्धी मिशी बेसिनमध्ये पडली तेव्हा कुठे आपण काय करून बसलो ते त्याच्या ध्यानात आलं. पण अर्धी ठेवून तरी काय उपयोग! उरलेलीही त्याने उडवली.

गुडगावच्या मोहरीच्या शेतांत उभ्या राहिलेल्या त्या नव्याकोऱ्या हॉस्पिटलात आज हृदयाचं पहिलं ऑपरेशन होतं, आणि टेक्निशियन म्हणून त्याचं नाव लागलं होतं. ऐन वेळी नीरजा सिस्टरनी त्याला ऑपरेशन थिएटरच्या दारात अडवलं होतं. त्याच्या झुपकेदार मिशीची टोकं मास्कच्या दोन्ही बाजूंनी डोकावत होती.

"खुले सीने पर एक बाल भी गिरा तो? मूंछ निकालो, नहीं तो चिराग को भेजती हूँ."

वडील हयात असताना मुलाने मिशी उतरवायची नाही, ती त्यांच्या मागेच उतरवायची, असा घरचा दंडक अख्ख्या कॉलनीला ठाऊक होता. वडील तात्याराव तर दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये चांगले ठणठणीत होते. पण दुसऱ्या टेक्निशियनचं, चिरागचं, नाव ऐकलं आणि विश्वासला राहवलं नाही.

ऑपरेशनच्या शेवटी, थांबवलेलं हृदय आधी नुसतंच थरथरलं आणि मग चक्क धडधडू लागलं. विश्वासच्या आनंदाला पारावार राहिला नाही. कधी एकदा घरी जाऊन सांगतो असं त्याला झालं होतं.

संध्याकाळी बसमधून उतरून तो जवळजवळ पळतच कॉलनीत शिरला. भाजीच्या गाडीपाशी शेजारच्या वीणाकाकू उभ्या होत्या. त्याचा चेहरा बघून त्यांच्या हातातली पिशवी गळून पडली.

"अगं बाई! तात्याराव गेले?"

"नाही हो काकू, ते—"

"सकाळी तर दूध आणताना दिसले रे! बिल्कुल देवमाणूस!" काकूंनी हंबरडाच फोडला.

तो ऐकून खालच्या मजल्यावरचे गुलाबराव धावत आले आणि त्यांनी विश्वासला गच्च मिठीत घेतलं.

"धीर धर. पुण्याला नातेवाइकांना फोन केलास का?"

"कोण गेलं रे?" वरून आवाज आला.

बाल्कनीत बनियनवर तात्याराव उभे होते. काकूंनी तोंडाला पदर लावला. गुलाबरावांची मिठी सैल पडली. तात्याराव मात्र एकटक मुलाच्या ओठाकडे बघत होते.

जेवताना ते एवढंच म्हणाले, "मी गेल्यावर काढायची ती आजच काढलीस."

विश्वासचा घास हातातच राहिला. त्याला फार वाईट वाटलं, पण आतला आनंदही दाबता येईना.

"तात्या, ते हृदय बंद होतं हो. आम्हीच बंद केलेलं. परत सुरू झालं!"

तात्यारावांनी भाकरीचा तुकडा मोडला. मग त्यांनी विचारलं, "कोणाचं होतं?"

"शाळेतले मास्तर आहेत. मुलगा दिवसभर बाहेर बाकावर बसून होता."

तात्यारावांनी वरणाची वाटी त्याच्याकडे सरकवली.

सकाळी ओठावर खुंट उगवले होते. विश्वास आरशासमोर रेझर घेऊन उभा होता, पण घरात, तात्यांच्या देखत, हात उचलेना. तेवढ्यात मागून कोणी तरी साबणाचा ब्रश उचलला. तात्यारावांनी त्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि त्याच्या ओठावर फेस लावायला घेतला.

"तात्या, अहो..."

"हलू नकोस. बापाने स्वतःच्या हाताने काढल्यावर बाप गेला असं कोण म्हणेल?"

त्यांनी रेझर अलगद फिरवला.

"रोज काढावी लागणार?"

"हो."

"मग निघण्याआधी मला उठवत जा."